चष्मा नव्हता, दिसलं नाही

माझ्या डोळ्यांना शाळेपासूनच नंबर. चष्मा काढला की पाच हातांवरचा माणूस म्हणजे नुसता रंगाचा डाग. ही अडचण होतीच, पण खरं सांगायचं तर सोयही होती. ज्याला टाळायचं तो समोरून आला की मी चष्मा काढून काचा पुसत पुढे जायचो. कुणी नंतर विचारलंच तर उत्तर तयार असायचं.

हे मी एकदा माझ्या सख्ख्या थोरल्या भावालाही केलं. ऑफिसातल्या दोघांबरोबर शहरातल्या सीताबर्डीच्या बाजारात चहाला निघालो होतो. समोरून दादा आला. सावनेरजवळच्या आमच्या गावाहून बियाणं घ्यायला आला होता, खांद्यावर पोतं होतं. आता हा हाक मारणार, 'मले-तुले' बोलणार आणि ऑफिसात आठवडाभर माझी नक्कल होणार, एवढंच मनात आलं. मी चष्मा काढला. तो रंगाचा डाग जरा थांबला, मग बाजूला झाला. हाक आली नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा त्याच्यासमोर वहिनीला मुद्दाम म्हणालो, "चष्म्याशिवाय मला काही दिसतच नाही हो. रस्त्यात कुणी भेटलं तरी कळत नाही." दादा म्हणाला, "हो ना, बिचारा." त्या एका शब्दाने पुढची कित्येक वर्षं मला छळलं.

चाळिशी ओलांडल्यावर धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी नवी शस्त्रक्रिया सुचवली. बुबुळावर बारीक चिरा द्यायच्या, म्हणजे नंबर उतरतो. आधी एक डोळा, महिन्याने दुसरा. बायको शिक्षिका, तिच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून तिने गावी पत्र टाकलं. दादा पहिल्याच बसने आला.

थेंब टाकून डोळा बधिर केला होता. दुखलं नाही, पण पातं जवळ येताना दिसत होतं. मी देवाचं नाव घ्यायला गेलो आणि आठवला तो सीताबर्डीवरचा रस्ता.

"हिऱ्याच्या पात्यानं कापला म्हणते," बाहेर आल्यावर दादा म्हणाला. "तुया डोळ्याची किंमत वाढली गा आता."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. दर दोन तासांनी औषध घालायचं काम दादाने घेतलं. मी खाटेवर उताणा, त्याच्या जाड बोटांनी पापण्या ताणलेल्या, तोंडावर त्याच्या तंबाखूचा वास. नजर चुकवायला जागाच नव्हती. मी बोलून टाकलं.

"दादा, त्या दिवशी बर्डीवर मी तुला पाहिलं होतं."

"हालू नको. थेंब गालावर जाते."

"पाहूनच मी चष्मा..."

"मले माहीत आहे." त्याने थेंब सोडला. "ज्याले दिसत नाही तो चष्मा लावते गा, काढत नाही."

डोळ्यातून पाणी वाहू लागलं. त्याने कापसाने टिपलं.

"मग बोलला काहून नाहीस?" मी विचारलं. 'का'च्या जागी 'काहून' कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"काय बोलू? लाज वाटली असन तुले. मलेबी राग आला. घरी येऊन तुया वहिनीवर काढला. तिनं चांगली बोलणी देल्ली मले." तो हसला. "तिची माफी माग, माही कायले मागते?"

मी त्याची मागितलीच, आणि त्याच्याकरवी वहिनीचीही. त्याने "बरं, बरं" म्हणून बाटलीचं झाकण लावलं आणि दुसऱ्या खाटेवर आडवा झाला. त्याला संध्याकाळच्या बसने परत जायचं होतं. मी म्हणालो, "राहून जा ना दादा."

"संत्र्याले पाणी कोण देईन?" म्हणत त्याने उशी सरळ केली. मग कूस वळवून म्हणाला, "देईन तुयी वहिनी. दोन दिवस राहतो मी."

पाच मिनिटांत तो घोरू लागला. मी उठून बसलो आणि नव्या डोळ्याने त्याच्याकडे पाहत राहिलो. दाढीचे पांढरे खुंट मोजता येत होते. तो माझ्यापेक्षा इतका म्हातारा कधी झाला, हे मला कळलंच नव्हतं.