धुराचा दोष नव्हता

शहापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर मुरबाडला राहतो. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मी जे बोललो ते आता खोडायचं आहे. ते खोडलं जाईल की नाही, याची मात्र खात्री उरलेली नाही.

आमचं काम काचेवर थर चढवण्याचं होतं. जस्ताच्या क्षाराचं द्रावण तापलेल्या काचपट्टीवर फवारायचं, की जस्ताच्या ऑक्साइडचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा थर बसतो. त्या द्रावणात अ‍ॅल्युमिनियमचा क्षार किंचित मिसळला तर थरातून जास्त उजेड आरपार जातो, असा माझा निष्कर्ष होता. तो छापून आला, माझं नाव झालं.

उजेड मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. काचा कापसात गुंडाळून डब्यातून शहरातल्या मोठ्या कॉलेजात न्यायच्या आणि मिळेल त्या वेळेत मोजून परतायचं.

त्या निष्कर्षावर पुढचं संशोधन करायला एक मुलगी माझ्याकडे आली. किन्हवलीच्या पुढे गावाबाहेरच्या पाड्यावर तिचं घर. आईवडील दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जायचे. तिचे थर स्वच्छ दिसत, पण मोजले की मिसळ केलेली आणि न केलेली काच सारखाच उजेड सोडी. पुन्हा फवारणी, पुन्हा तेच. मी वैतागलो.

"घरी चूल आहे ना?" मी विचारलं.

"हो सर."

"मग काय! धूर कपड्यांत घेऊन येतेस आणि काचेवर बसवतेस."

खोलीतले बाकीचे हसले. तीही थोडी हसली. म्हणाली, "उद्यापासून कपडे इथं बदलीन, सर."

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. एवढीच माझी बाजू आहे, आणि ती शहरातल्या पुढच्या खेपेपर्यंतच टिकली.

त्या खेपेला मी एकटाच यंत्राजवळ होतो. यंत्रात दोन खाचा असतात. एकीत आपला नमुना आणि दुसरीत तुलनेसाठी कोरी काच ठेवायची, म्हणजे काचेने अडवलेला उजेड थराच्या खात्यात जात नाही. कोरी काच सरकवताना मला आठवलं. माझ्या त्या गाजलेल्या मापनात साधा थर मोजला तेव्हा दुसरी खाच रिकामी होती. परतीची बस गाठायची घाई होती. मिसळ केलेला थर मोजला दुसऱ्या खेपेला, तेव्हा कोरी काच ठेवलेली होती. मी जो फरक छापला तो अ‍ॅल्युमिनियमचा नव्हताच. तो नुसत्या काचेचा होता. मुलीची मापं बरोबर होती.

मी गप्प बसलो. बढतीची मुलाखत जवळ आली होती.

पावसाळ्यात तिची आई कॉलेजात आली. डोक्यावर इरलं, पाय चिखलाने भरलेले. दारातूनच म्हणाली, "सर, चूल भायेर काढली मी. मेनकापड बांधलंय वर. भाकरी भिजतात, तिचा बाप बोंबलतो, पन बोंबलू दे. आता तरी पोरीची काच साफ येल ना?"

"येईल," मी म्हणालो.

काच साफच होती. वर्षभराने मुलीने संशोधन सोडलं. मी अडवलं नाही.

ती आता टोकावड्याला असते, नवऱ्याच्या ढाब्यावर हिशोब बघते. गेल्या महिन्यात मी तिथे गेलो आणि सगळं सांगितलं. ती गल्ल्यामागे उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "माझं राहू द्या. आईला सांगा. ती अजून म्हणते, माझ्या चुलीनं पोरीचं वाटोळं केलं. माझं ऐकत नाय ती. तुमचं ऐकेल."

मी किन्हवलीची बस धरली. म्हातारी ओट्यावर बसली होती. मला बघून धडपडत उठली, सुनेला चहा टाकायला सांगितला. मी खाली बसलो, दोन्ही हातांनी खाचा करून दाखवल्या. चूक माझी होती, मला ठाऊक होतं, मी लपवलं, असं सरळ शब्दांत सांगितलं. धुराचा काही संबंध नव्हता, हे पुन्हा पुन्हा सांगितलं.

तिने सगळं ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमी देवमानूस, सर. म्हातारीला बरं वाटावं म्हनून सोतावर घेता. पन धूर व्हताच ना घरात. माज्या डोळ्यानं बघितलाय मी."

"आजी, मी खोटं बोललो होतो."

"सर कधी खोटं बोलतात का? च्या घ्या, थंड व्हतो."

मी हात जोडले, तर ती संकोचून मागे सरकली. माझा खोटा ठपका ऐकला तेव्हा तिने पावसात चूल मांडली होती. आता खरं सांगत होतो, तर ती माझीच समजूत घालत होती.

किन्हवलीच्या थांब्यावरून मी मुलीला फोन लावला.

"पटलं का तिला?"

"नाही."

पलीकडे ढाब्यावरची भांडी वाजत होती.

"मग पुन्हा जा, सर," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.