भाऊजींनी बापाला खुर्चीवर बसवलं

आमच्या दरेकशात सगळ्यात वेगानं बायबल वाचणारा माणूस म्हणजे माझे भाऊजी, उदाराम. ही स्तुती नाही बरं, तक्रार आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा, रुख्माताईचा नवरा म्हणून मी त्यांना मान देते, पण शेजारी राहते म्हणून सगळं पाहतेसुद्धा.

भाऊजी रेल्वेत कीमॅन होते. रुळाला जखडून धरणाऱ्या चाव्या रोज पायी फिरून तपासायच्या, ढिली सापडली की तिथंच हातोड्यानं ठोकून बसवायची, हे कीमॅनचं काम. बोगद्यापासून पुलापर्यंतचा आपला तुकडा त्यांनी उन्हात, पावसात, तापात चालून काढला. एक चावी सोडली नाही, असं त्यांचे साहेबही म्हणायचे. आणि हाच माणूस रिटायर होऊन बायबल उघडतो, तर त्याची एकदम एक्स्प्रेस होते. आमच्या स्टेशनावर एक्स्प्रेस जशी थांबत नाही, तसे भाऊजी कुठल्या ओळीवर थांबत नाहीत. ओठ हलत असतात आणि अंगठा पान उलटायला तयार असतो. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, अशी नावं लागली की अंगठ्याला थुंकी लावून सरळ पुढं.

त्याला कारण होतं घड्याळ. वर्षभरात अख्खं बायबल वाचून संपवणाऱ्याला गोंदियाच्या चर्चच्या मंडळीत भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. भाऊजींनी ते कुणाला मिळूच दिलं नाही. ताईच्या घरात आता भिंत कमी आणि घड्याळं जास्त. एकाही घड्याळात सेल नाही. माजघरात म्हणावं तर सकाळ, चुलीपाशी दुपार, आणि दारावर कायमची संध्याकाळ. ताई बिचारी वेळ मोबाइलमध्ये पाहते. "काय वाचलं आज?" विचारलं, तर भाऊजी सांगायचे, "बारा पानं."

आता मुद्द्याचं सांगते. ताईची एकुलती एक मुलगी रश्मी सडक अर्जुनीला दवाखान्यात नर्स आहे. तिथंच हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान असलेल्या देवानंदशी तिनं लग्न केलं. बौद्ध घरातला शांत, कामाचा पोरगा. लग्न झाल्यावर तिनं बापाला फोन केला, आधी नाही. "मले विचारलं नाही," हे भाऊजींचं तेव्हापासूनचं एकच वाक्य. विचारलं असतं तर हे नाही म्हणाले असते, ही गोष्ट तिला ठाऊक होती आणि यांनाही ठाऊक होती. तरी राग जिथल्या तिथं. ताई चोरून फोनवर बोलायची, आणि भाऊजी फोनचा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

यंदा रश्मीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. तिच्या सासूनंही आनंदानं हो म्हटलं. पण लेक माहेरी आपणहून येत नसते, तिला न्यायला माहेरचं माणूस जावं लागतं. रश्मीनं आईला साफ सांगितलं, "बाबा आनाले आले तरच येतो. मावशीले पाठवू नको. अन् आठवा सरला की मंग बसनं हलता येनार नाही." पोरगी बापावरच गेली आहे, हे वेगळं सांगायला नको.

ताईनं हे नवऱ्याच्या कानावर घातलं. भाऊजी घरापुढच्या छपरीत आपल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्या खुर्चीचा एक हात तारेनं बांधलेला आहे, तरी ती दुसऱ्या कुणाला मिळत नाही. ते म्हणाले, "दार उघडं आहे. मी काय कुलूप लावून ठेवलं का?" आणि पान उलटलं. ताई आत जाऊन रडली. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या घरचा चहा घेतला नाही. आठवा महिना अर्धा सरला होता.

त्याच सुमारास आमच्याकडे चर्चचे नवे पाळक येऊ लागले. चंद्रशेखर त्यांचं नाव, कामठ्याचे, वयानं लहान. त्यांनी आल्या आल्या घड्याळाची स्पर्धाच बंद केली. म्हणाले, "यंदा कोणी संपवायचं नाही. एक लहानसा भाग घ्या, आठवडाभर तोच वाचा. मग रविवारी पुस्तक मिटून आपल्या घरच्या बोलीत सांगा. ऐकणाऱ्यांनी विचारायचं, आणि शंका आली की पुस्तक उघडून पाहायचं." भाऊजींना हा अपमान वाटला. "हे त पहिलीतल्या पोट्ट्यायचं काम झालं," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "मग पास होऊन दाखवा."

पहिला नंबर त्यांचाच लागला. गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातली, दोन मुलांच्या बापाची. भाऊजी आठवडाभर निवांत. ही गोष्ट ते चहा थंड व्हायच्या आत वाचून काढत आले होते, त्यासाठी पुन्हा कोण पुस्तक उघडतो?

रविवारी दुपारी ताईच्याच छपरीत आम्ही सगळे सतरंजीवर बसलो. भाऊजी खुर्चीवर. घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली.

"एका बापाले दोन पोट्टे होते. लहान्यानं आपला हिस्सा मांगला, परमुलखात गेला, सारा पैसा उडवला. मंग दुष्काळ पडला. डुकरं चाराले लागला अन् डुकराच्या पुढचं खावाले तरसला. तवा त्याले अक्कल आली. तो घरी आला. बाप छपरीत खुर्चीवर बसला होता. पोट्टा दारात उभा राहून रडला, माफी मांगली, पाया पडला. मंग बापानं म्हटलं, बरं, ये आतमंदी. दार त उघडंच होतं. जेवन झालं, गाना-बजाना झाला. सपलं."

सांगितलं छान, खोटं कशाला बोलू. पाळकांनी विचारलं, "कोणाला काही शंका?" इतक्या घड्याळांच्या धन्याला कोण शंका विचारणार? सगळे खाली पाहत होते. तेवढ्यात ताई पदर सावरत म्हणाली, "खुर्ची होती का जी तवा?"

लोक हसले. भाऊजी म्हणाले, "खुर्ची नाही त बाज असन."

"पन बसला होता, हे पक्कं?"

"पक्कं. मी दरसाल वाचतो."

"मंग उघडून पाहा न."

भाऊजींनी पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचू लागले. वाचता वाचता थांबले. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. तिथं लिहिलं होतं की पोरगा अजून दूर असतानाच बापाला दिसला, बापाला त्याची दया आली आणि तो धावत गेला.

"इथं धावला म्हनते," भाऊजी म्हणाले, छापखान्याची चूक सापडल्यासारखे. "प्रेमिला, तुह्या पुस्तकात पाहा."

मी माझं पाहिलं. बाप तिथंही धावत होता. पाळकांनी मोबाइलमध्ये पाहिलं, तिथंही तेच.

ताई सोडायला तयार नव्हती. "अन् माफी? ते आंधी का गळ्यात घेनं आंधी?"

भाऊजींनी बोट पुढं सरकवलं. बापानं आधी गळ्यात घेतलं होतं, मुके घेतले होते. पोरगा बोलला त्याच्यानंतर. ते आणखी पुढं वाचत गेले, आता मनातल्या मनात. गोष्टीच्या शेवटी मोठा मुलगा रुसून बाहेर उभा राहतो, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. त्याला समजवायलाही बाप स्वतः बाहेर येतो. मला राहवेना. म्हटलं, "भाऊजी, हा बाप तर घरात टिकतच नाही. एकदा धाकट्यासाठी बाहेर, एकदा मोठ्यासाठी बाहेर. तुम्ही त्याला खुर्चीवर बसवलं कधी?"

कुणी हसलं नाही. भाऊजींनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आज चहा नाही का कोनाले?"

मला वाटलं, झालं, माणूस आता महिनाभर फुगून बसेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर भाऊजी छपरीत उभे राहून वाचत होते. पान तेच. तिसऱ्या दिवशी अंगणात फिरत, तेच पान. एका ओळीवर बोट टेकवायचे, मान तिरकी करायचे, थांबायचे, मग पुढची ओळ. ही रीत मी पाहिलेली होती. रुळावर असेच चालायचे ते, हातोडा मारून कान देत.

आणि मग प्रश्न सुरू झाले. मी भांडी घासत असले तरी कुंपणापलीकडून आवाज यायचा.

"प्रेमिला, दुरून दिसला म्हनते. म्हंजे बाप रोजच रस्त्याकडं पाहत असन का व?"

"असेल."

"मंग त्याले दुसरं काम नव्हतं का?"

"होतं. नोकरचाकर होते, शेती होती. तरी पाहत होता."

थोड्या वेळानं परत. "म्हातारा मानूस असा लोकायसमोर धावते का? लाज नाही वाटली?"

"पुस्तकात नाही."

"पायात चप्पल होती का?"

"तेही नाही."

"लिहाले पायजे होतं," ते नाराजीनं म्हणाले.

एका दुपारी माझा तोल गेला. म्हटलं, "भाऊजी, आपल्या पोरीनं काही पैसा उडवला नाही, डुकरं राखली नाहीत. दुसऱ्यांची बाळंतपणं करते ती, आणि स्वतःच्या बाळंतपणाला आईचं घर मागते. त्या बापानं तर उडवून आलेल्याला घेतलं." भाऊजींनी बोट पुन्हा त्याच ओळीवर टेकवलं. ताई घरात होती, तिनं ऐकलं असणार. संध्याकाळी तिला विचारलं, "तू का नाही बोलत?" ती म्हणाली, "ते वाचून राहिले न. वाचू दे."

शुक्रवारी सकाळी भाऊजी माझ्या दारात. इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल.

"आमगावले जाऊन राहिलो, घड्याळाचे सेल आनाले. चाल सोबत."

"सेल आणायला साळी कशाला लागते?"

"चाल न व. गाडीचा टाइम झाला."

मागून ताई आली आणि माझ्या हातात पिशवी दिली. आत नवी साडी होती आणि डबाभर करंज्या. सेल आणायला करंज्या. मी ताईकडं पाहिलं, तिनं दुसरीकडं पाहिलं. मीही तोंड मिटून पिशवी काखेत मारली.

आमगावला उतरलो. सेलची दुकानं डावीकडं होती, उजवीकडं होती. भाऊजी सरळ देवरीच्या बसकडं. मी विचारलंसुद्धा, "देवरीला सेल स्वस्त आहेत का?" ते म्हणाले, "बस गुमान." बसमध्ये ते खिडकीकडं तोंड करून पुटपुटत होते. मी कान दिला. "तुहं चुकलं ते जाऊ दे, माह्यं बी..." आणि भाषणाची गाडी इथंच अडकत होती. माह्यं बी, माह्यं बी. मी म्हटलं, "भाऊजी, गोष्टीत भाषण पोरगा पाठ करून येतो. बापाला भाषण नाही." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी देवरी येईपर्यंत करंज्यांचा डबा सांभाळत बसले.

देवरीला बस बदलून सडक अर्जुनीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. ट्रकांचा धुरळा, ढाब्यांवर गर्दी, टायरवाल्यांची ठोकाठोक. मी रश्मीच्या घराचा पत्ता विचारायला थांबले. भाऊजी थांबले नाहीत.

"ते पाहा, आली."

मला काही दिसेना. त्या बाजूच्या रस्त्याच्या पार टोकाला छत्री धरलेली कुणी बाई येत होती, एवढंच. "कशावरून?"

"चालीवरून. माह्यी चाल आहे तिची."

आणि भाऊजी धावले.

धावले म्हणजे काय, जन्मभर खडीवर चालून गुडघे गेलेले. एक पाय पुढं, दुसरा ओढत, शर्ट बाहेर, हात वर. पाच पावलांत एक चप्पल निसटली, त्यांना पत्ता नाही. ढाब्यावरचे दोन ड्रायव्हर जेवता जेवता उभे राहिले, काय झालं म्हणून. मी मागून ती चप्पल उचलली आणि हाका मारत निघाले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते धुरळ्यानं नव्हतं.

रश्मी जागच्या जागी थांबली. छत्री खाली आली. एक हात पोटावर, दुसरा पुढं करून ती ओरडली, "बाबा, धावता कायले? पडाल न!"

भाऊजी तिच्यापाशी पोचले. भाषण कुठल्या कुठं गेलं होतं. धाप लागलेली. नुसता हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि ठेवूनच दिला. ती रडायला लागली, आणि रडता रडता नर्ससारखी त्यांची नाडी पाहायला लागली.

"घर इथंच आहे, बाबा. चला. आंधी बसा, पानी प्या."

मी चप्पल हातात घेऊन पोचले, तेव्हा ते मान हलवत होते.

"बसून लय दिस झाले, माय," ते म्हणाले. "तुले आनाले आलो."