तोलेगेनने मोजलेले बाप

तोलेगेनने चाळीस वर्षं कापणीची कंबाइन यंत्रं दुरुस्त केली, पण तोर्गाय नदीकाठच्या त्या गावात त्याला मान होता तो वेगळ्याच कारणासाठी. अख्ख्या भावकीची वंशावळ त्याला तोंडपाठ होती. कुणाची सोयरीक जुळत आली की घरचे आधी त्याच्याकडे चहाला यायचे. मुलगा-मुलगी सात पिढ्यांच्या आत एकाच पुरुषाला जाऊन मिळाली, तर ती भावंडं, लग्न नाही. आठव्याला मिळाली तर खुशाल करा. असं मोजून त्याने आजवर तीन लग्नं मोडली होती, त्यातलं एक सख्ख्या पुतणीचं. भाऊ पुढे पाच वर्षं त्याच्या घरी चहा प्यायला नाही.

आता पाळी अर्दाकची होती. अर्दाक त्याची नात, थोरल्या मुलाचं, कैरातचं, पहिलं मूल. पहिलं नातवंड म्हातारा-म्हातारीचं, या रिवाजाने चाळीस दिवसांची असतानाच ती त्यांच्या कुशीत आली आणि त्यांचीच लेक झाली. तोलेगेनला ती 'आके' म्हणे, म्हणजे बाप. रस्त्यापलीकडे राहणाऱ्या कैरातला म्हणे 'अगा', थोरला भाऊ. कैरातने बावीस वर्षांत पोरीला चारचौघांत कधी जवळ घेतलं नाही. आईबापांसमोर ते शोभत नाही.

शनिवारी येरसायिनची आई अर्दाकच्या कानात डूल घालून लग्न पक्कं करणार होती. येरसायिन शहरात भेटलेला मुलगा. गुरुवारी त्याच्या पूर्वजांची यादी आली. तोलेगेनने चष्मा चढवला आणि आठव्या नावावर त्याचं बोट थांबलं. झोल्बारीस. हा तर आपलाही. मग त्याने अर्दाकच्या बाजूने बोटांची पेरं मोजली. पहिला तो स्वतः, आणि सातवा झोल्बारीस. पुन्हा मोजलं, तरी सातच. 

गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. तसं त्याच्या मनात आलंच, उगाच त्याला साधू कशाला म्हणा. पण पुतणीला कुठल्या तोंडाने भेटायचं? त्याने चहा घेता घेता सांगून टाकलं. त्याची म्हातारी शोल्पान कणीक तिंबत होती, तिचे हात थांबले. अर्दाक रडली नाही. बादली उचलून गोठ्यात गेली. गाय तर मघाशीच पिळून झाली होती.

त्याने कैरातला बोलावणं धाडलं, मुलाकडच्यांना नकार कळवायला. कैरात आला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, मोठ्याने मोजून दाखवा. म्हातारा चिडला.

"आता मोजायला तुझ्याकडून शिकू?"

तरी त्याने पेरं धरली आणि स्वतःपासून झोल्बारीसपर्यंत सात नावं घेतली.

"आके, यात मी कुठं आहे?" कैरातने विचारलं.

"समोर तर बसलायस."

"नावांत कुठं आहे म्हणतो. तिचा पहिला बाप तुम्ही नाही. मी आहे."

मग शोल्पानने पिठाचा हात तोंडावर ठेवला आणि हसू लागली, हसता हसता डोळे पुसू लागली. तोलेगेनचे कान लाल झाले. कैरात पहिला, तो स्वतः दुसरा, असं करत तो आठव्या पेरावर पोचला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. तीन वर्षांच्या अर्दाकला मांडीवर घेऊन सात बाप, म्हणजे सात पिढ्यांची नावं, त्यानेच तिच्याकडून पाठ करून घेतली होती, आपल्या नावापासून.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. घरात हे वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं.

अर्दाकला आत बोलावलं. काय घडलं ते शोल्पाननेच तिला सांगितलं, दोनदा.

"सात बाप म्हण, पोरी," तोलेगेन म्हणाला. "नीट. पहिल्यापासून."

रिकामी बादली हातात धरून ती उभी राहिली.

"कैरात," ती म्हणाली आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

पुढची सहा नावंही तिने बरोबर म्हटली, पण कैरातला ती ऐकू आली नाहीत.