भावजींचे मातीचे पेले

घनसावंगीचा डांबरी रस्ता सोडून आम्ही पांदीला लागलो, तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. तातेराव भावजी पुढं, मी मागं. माझे चुलत दीर. खांद्याला पिशवी, हातात खुरपं. मला कशाला सोबत घेतलंय ते वाटभर सांगेनात.

साल १९९६. मुळं कुजून मोसंबीच्या बागा बसत होत्या. माती तपासायला पाठवली तर उत्तर यायला दोन-दोन महिने. भावजी शेतीच्या एका शिबिरातून सोपी रीत शिकून आले. मुळाजवळची माती काचेच्या पेल्यात घालायची, वर पाणी ओतायचं अन् त्यावर मोसंबीच्या कोवळ्या पानाचे तुकडे तरंगत सोडायचे. तीन दिवसांत पानावर तपकिरी डाग आले, की माती रोगट. गावभरची माती त्यांच्या ओसरीत पेल्यांतून मांडलेली. त्यांची बायको साळूबाई पाहुण्यांना वाटीतून चहा द्यायची.

लोक माती आणायचे ती चाळून, खडे निवडून, पोरगी दाखवायला आणल्यासारखी. मी तर आमच्या शेतात हळद-कुंकू वाहून तिथलीच वरची ओंजळभर माती नेली.

"वहिनी, हिला तपासायचं का हिची ओटी भरायची?"

"पूजा केल्याबिगर मी जमिनीला खुरपं लावत न्हाई."

"पूजा बांधावर करा. माती मेल्या झाडाखालची आणा. डॉक्टरला कुणी धडधाकट पाय दाखवतं का?"

दुसऱ्या खेपेला डाग निघाले. आम्ही तिथं मोसंबी लावायचं सोडून ज्वारी पेरली. देवानं वेळेवर सावध केलं, असं मी मानते. भावजी म्हणतात, पेल्यानं केलं.

त्यांच्या शेताच्या बांधावर आम्ही टेकलो. त्यांची जुनी बाग इथंच मेली होती.

"तीनदा पेले लावले, वहिनी. तिन्ही वेळा पानं हिरवीगार."

"मंग तोंड का असं?"

"माती मीच काढली ना. खराब जागी गेलो की हात आपोआप चार पावलं बाजूला सरकतो. गावाला शिकवून राह्यलो अन् मीच लबाड निघालो."

मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत.

"आठ दिवसांनी दोनशे रोपं येणार हायत. ती बी मेली तर पुन्हा बाग धरायची उमेद माझ्यात न्हाई." त्यांनी खुरपं माझ्यापुढं धरलं. "तुम्ही काढा माती. मी पाठ करून बसतो. अन् कुठून काढली ते तीन दिवस मला बिलकुल सांगू नका."