ढकलमास्तर आणि आमचा अर्ज

शनिवार, ४ फेब्रुवारी १९५६. सकाळची शाळा. साडेसातच्या ठोक्याला मी सातवीच्या वर्गात सरांच्या टेबलावर एक इंग्रजी अर्ज ठेवला. सरांनी तो वाचला, लाल पेन्सिल उचलली आणि पहिल्याच ओळीवर विचारले, "हे सांगतंय की ढकलतंय?"

कोणताही इंग्रजी मजकूर समोर आला की ते हेच विचारीत. म्हणून मुले त्यांना पाठीमागे ढकलमास्तर म्हणत. त्यांना ते ठाऊक होते.

त्यांचे स्वतःचे शिक्षण उर्दूतून झाले होते. पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचे राज्य संपल्यानंतर कचेऱ्यांतील उर्दू गेली, इंग्रजी राहिली. इंग्रजीत छापलेला कागद म्हणजे सरकारी, आणि सरकारी म्हणजे खरा, अशी आमच्या घरांतून समजूत होती. माझ्या वडिलांनी केशतेलाची एक इंग्रजी जाहिरात जमिनीच्या कागदांसोबत जपून ठेवली होती. सर गुलमंडीच्या बाजारातल्या रद्दीतून अशा जाहिराती आणून वर्गात वाटीत. प्रत्येक वाक्यापुढे समासात आम्ही एक शब्द लिहायचा. घाबरवले असेल तर 'भीती'. खुशामत असेल तर 'लोणी'. सगळे घेतात, तुम्हीही घ्या, असे असेल तर 'गर्दी'. उरेल ती 'माहिती'.

"तेलाच्या जाहिरातीत माहिती किती उरली?"

"बाटलीचं माप, सर."

"मग मापच लावा डोक्याला."

त्या आठवड्यात त्यांच्या बदलीचा हुकूम आला. परभणी, आठ दिवसांत हजर. आमची परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि शाळेत इंग्रजी शिकवणारे दुसरे कोणी नव्हते. वर्गाने अर्ज करायचे ठरवले. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. निजामाच्या काळापासून त्याचा तोच धंदा होता.

"साहेबाचं काळीज हललं पाहिजे, बेटा," तो म्हणाला. "आधी गरीबपरवर लिही. मग रडं घाल."

मी सारे इंग्रजीत उतरवले. साहेब गरिबांचे पालनकर्ते झाले, आम्ही एकतीस मुले अनाथ झालो आणि शहर अश्रूंत बुडाले.

"अनाथ कोण?" सरांनी विचारले. "तुझे वडील काल गुलमंडीत भेटले. खुशाल दिसले."

वर्ग हसला. मी हसलो नाही. समासातील शब्द मीच लिहावेत, असे त्यांनी फर्मावले. लोणी. भीती. गर्दी. सरांच्या स्तुतीपाशी मी थांबलो.

"लिही."

मी 'लोणी' लिहिले.

शेवटी त्यांच्या आजारी आईविषयीचे वाक्य आले. भाना उभा राहिला. तो मेंढपाळाचा मुलगा, उस्मानपुऱ्यात सरांच्या शेजारी राहत असे.

"सर, हे तरी ठिवा. खरंय ना? म्हातारी लई आजारी हाय, उठत बी नाय."

"खरं आहे," सर म्हणाले. "पण तिच्या दुखण्यावर तुम्ही पास व्हायचं नाही. ते सांगायचं झालं तर मी सांगेन." त्यांनी ते वाक्य स्वतः खोडले.

तीन वाक्ये उरली. आमची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आहे. इंग्रजीचे दुसरे शिक्षक शाळेत नाहीत. बदली परीक्षेनंतर व्हावी, ही विनंती.

"एवढंच?" मी विचारले.

"एवढंच. नाही म्हणायला साहेबांना एखादं कारण शोधावं लागेल."

परीक्षेपर्यंत मुदत मिळाली. आम्ही एकतीसही जण इंग्रजीत उत्तीर्ण झालो. जूनमध्ये सर परभणीला गेले. पुन्हा भेट झाली नाही.

पुढे मी सरकारी कचेरीत छत्तीस वर्षे लोकांचे अर्ज वाचले. कोणती ओळ सांगते आणि कोणती ढकलते, हे पाहिल्यावाचून सही केली नाही. माझ्या हातून अन्याय थोडा कमी झाला असेल, तर ते त्यांच्यामुळे. हे त्यांना कळवावे म्हणून दोनदा पत्र लिहिले. दोन्ही वेळा समासात 'लोणी' हा शब्द दिसू लागला आणि पत्र पाठवले नाही. ती माझी चूक झाली. पत्रात होती ती माहितीच होती.

त्या शनिवारी शाळा साडेअकराला सुटली. सरांनी मला थांबवून घेतले. कोऱ्या कागदावर माझ्या ओळी नेहमी उजवीकडे खाली घसरत. सरांनी एक फुलस्केप घेतला, त्यावर पट्टी धरली आणि शिसपेन्सिलीने रेषा आखून दिल्या; अर्जासाठी तीन, सह्यांसाठी एकतीस.