काकांनी तापवलेला समुद्र

माणसाने डावं-उजवं करू नये म्हणतात, पण काकांना पगारच त्याचा मिळे. समुद्राच्या तळातून उपसलेला चिखल प्रयोगशाळेत धुतला जाई आणि मागे उरलेले रव्यापेक्षा बारीक शंख काका सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने वेचत. शंखाचा पीळ डावा, तर तो जीव जगला तेव्हा समुद्र गार. उजवा, तर उबदार. त्यावरून प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई हजारो वर्षांपूर्वीचं हवामान सांगत. घरी मात्र काकू त्यांना रस्ता सांगू देत नसत. "हे तोंडाने डावीकडे म्हणतात आणि हात उजवीकडे करतात," असं त्या चारचौघांत सांगत.

वाकून वाकून काकांची मान धरली, म्हणून बाईंनी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा आणि पडदा जोडून दिला. कुंचला डावीकडे न्यावा, तर पडद्यावर तो उजवीकडे पळे. काकांनी दोष वयाला दिला आणि हाताला वळण लावलं. मग ऐन हिमयुगाच्या थरात उजवेच उजवे शंख निघू लागले. बर्फाच्या काळात उबदार समुद्र! बाई इतक्या हरखल्या की त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः केला. उद्या परिषदेत त्या हे जाहीर करणार होत्या.

दुपारी काकांनी मानदुखीच्या गोळ्यांवरची तारीख वाचायला पाकीट भिंगाखाली धरलं. पडद्यावर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी. सांगावं, तर हात दाखवून अवलक्षण, आणि काकू जन्मभर ऐकवणार. न सांगावं, तर ज्या बाईंनी आपल्या मानेची काळजी घेतली, त्यांची मान भर सभेत खाली जाणार. काका पाकीट घेऊन उठले.

बाईंनी पाकीट पुन्हा भिंगाखाली धरून पडदा पाहिला, मग स्वतःचे दोन्ही हात आळीपाळीने वर करून पाहिले.

"म्हणजे समुद्र गारच होता."

"होय. मी तापवला."

"कॅमेरा मी बसवला, काका. मीही ह्याच पडद्यावर पाहिलं."

त्यांनी फोन करून भाषण रद्द केलं आणि पडद्याची वायर उपसून काढली.

"रागावलात, बाई?"

"नाही हो. आईला सांगून बसलेय." त्या वायर गुंडाळत राहिल्या. "बर्फात ऊब, हे तिला लगेच समजलं. मी काय काम करते, ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं म्हणाली."

काकांना फार वाईट वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, दुखरी मान वाकवली आणि पुन्हा पहिल्यापासून वेचायला घेतलं.

"डावा," ते हळूच म्हणाले.