वाफ ती वाफच!

एका मिनिटात एकशे एक उकडीचे मोदक नाहीसे करण्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे, आणि त्यातला एकही मी खाल्लेला नाही.

माझ्या नवऱ्याचा, श्रीकांतचा, नोएडात छोटा कारखाना आहे. शर्ट-पँटी शिवणाऱ्या कंपन्यांना इस्त्रीसाठी लागणारे वाफेचे बॉयलर तिथे बनत. त्या वर्षी कपडेवाल्यांच्या ऑर्डरीच आटल्या. चार कामगार सकाळी यायचे, बॉयलर पुसायचे आणि मग पुसलेलाच पुन्हा पुसायचे! त्यांना घरी बसवायची वेळ येणार, असं दिसू लागलं तेव्हा श्रीकांतने डोकं लढवलं. त्याच बॉयलरला स्टीलचं कपाट जोडायचं आणि कँटीनवाल्यांना विकायचं. एका दमात शेकडो इडल्या!

कपाट मागच्या गल्लीतल्या कूलरवाल्याने वाकवून दिलं. दाराचं रबर दिलं फ्रिजची रबरं करणाऱ्या सरदारजींनी. (अर्ध्या सेक्टरचा हात लागला होता. घोटाळ्याला मात्र माझा एकटीचा पुरला.)

भाटियाजी नावाचे कँटीन-ठेकेदार मशीन बघायला येणार होते. पसंत पडलं तर सहा कपाटं घेणार!

"इडल्या लावू," श्रीकांत म्हणाला.

"इडली काय, सगळेच दाखवतात. मोदक ठेव. माणूस खाईल आणि सही करेल."

"अगं, मोदक नाजूक. हे बॉयलर आहे, तुझं मोदकपात्र नाही."

"वाफ ती वाफच!" (हे वाक्य आमच्या घरात आजही प्रत्येक भांडणात माझ्यावर फेकलं जातं.)

दिल्लीत मयूर विहारच्या घरी पहाटे उठून मी मोदक वळले. ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन नोएडाला नेले. ट्रे कपाटात गेले. श्रीकांत भाटियाजींना आणायला फाटकाशी गेला.

"भाभीजी, वाल्व मत छूना," रामपालजींनी बजावलं. हे आमचे जुने फिटर.

"बिल्कुल नहीं!"

दोन मिनिटं गेली. दाराच्या काचेतून बघते, तर वाफ कशीबशी रेंगाळतेय. चहाच्या किटलीला याहून जास्त येते!

"रामपालजी, आपकी भाप सो गई क्या?"

"आ रही है, भाभीजी. सब्र रखिए."

ते खुर्ची आणायला वळले. मी सब्र ठेवलं. साधारण चार सेकंद. मग वाल्व फिरवला. एक वेढा. काहीच नाही. दुसरा. तिसरा!

कपाटाने आधी शीळ घातली, मग ते थरथरायला लागलं. काच पांढरीफटक! रामपालजी खुर्ची टाकून धावले, वाल्व बंद केला, आणि नेमके त्याच क्षणी भाटियाजी आत आले.

वाफ बसल्यावर दार उघडलं. मोदक कुठेच नव्हते. ट्रेमध्ये गूळ-खोबऱ्याचं पांढरट-तपकिरी तळं, आणि मधोमध एकाच मोदकाचं नाक वर!

"ये क्या चीज़ है?" भाटियाजींनी विचारलं.

श्रीकांतने माझ्याकडे बघितलं. चारही कामगारांनी छताकडे.

"खीर," मी म्हणाले. (आयुष्यात इतक्या चटकन मी खरंसुद्धा बोललेली नाही.) "मोदक की खीर. हमारे महाराष्ट्र में बनती है."

त्यांनी एक चमचा खाल्ला. मग वाटी मागितली. मग दुसरी!

"इडली तो सब देते हैं, जी. छह मशीन लिख लो. पर खीर एकदम ऐसी ही बननी चाहिए!"

चार कामगार राहिले, पुढे दोन वाढले. पंचाईत फक्त माझी झाली. पीठ, गूळ, खोबरं थेट कालवून पाहिलं, तर नुसती खळ! खीर जमायला आधी रीतसर मोदक करावे लागतात, आणि मग ते बिघडवावे लागतात. सहा कँटीनच्या आचाऱ्यांना मी कळ्या पाडायला शिकवलं, आणि लगेच त्यांची माती करायलाही.

आता प्रत्येक कपाटाच्या वाल्ववर तीन खुणा असतात. इडली, ढोकळा, आणि पार टोकाला लाल रंगात रामपालजींच्या सुबक अक्षरात 'भाभीजी'. सोबतच्या कागदावर श्रीकांतने त्या खुणेपुढे सूचना छापली आहे: 'तीन चक्कर घुमाएँ. किसी की न सुनें.'